नंबर मापात बसतो, तरी स्क्रुटिनीत नापास का होतो?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ राहील. सहाशे सीसीची स्पोर्टबाईक, पहिलीच क्लब रेस, काळ्या-लाल ग्राफिक्सचं फायबरचं रेस फेअरिंग, म्हणजे बाईकचं बाहेरचं आवरण. त्यावर ३८ हा नंबर. फाँट तिरका, व्हिनाइल (चिकटवायची प्लास्टिकची फिल्म) क्रोमचं, भोवती जाड लाल आउटलाइन, आणि तीनचं पोट आठमध्ये थोडं घुसलेलं. नियमात समोरच्या आकड्याची किमान उंची १४० मिमी होती, तुम्ही १४५ ठेवलीत. तरी स्क्रुटिनीत, म्हणजे शर्यतीआधीच्या तांत्रिक तपासणीत, बाईक परत पाठवली आणि सराव सुरू व्हायच्या आत नंबर बदलून आणा म्हणाले. तुम्हाला तीन गोष्टी हव्या आहेत: मापातला नंबर का नाकारला, बाजूचे नंबर फेअरिंगवर लावावेत की टेलवर (सीटमागच्या भागावर), आणि पार्श्वभूमी कोणत्या रंगाची ठेवावी. शिवाय एक तक्रारही आहे, की मोटोजीपीत वाट्टेल तशा अक्षरांत नंबर चालतात, मग आम्हालाच हा जाच का.

मी स्क्रुटिनीच्या टेबलापलीकडे उभा राहतो आणि रेसबाईकचे ग्राफिक्स कापण्याचं कामही करतो. त्यामुळे नंबर बनवणाऱ्याची हौस आणि तो नाकारणाऱ्याची कटकट, दोन्ही मला कळतात. एक गोष्ट मात्र आधीच सांगतो. नंबरची जागा, रंग आणि माप हे तीनही आयोजकागणिक बदलतं. मूळ नियमपुस्तक एक असतं, आणि त्या त्या स्पर्धेची पुरवणी नियमावली वेगळी असते. दोन्हींत फरक दिसला तर त्या शर्यतीपुरती पुरवणी धरायची, आणि शंका उरलीच तर लेखी विचारून घ्यायचं. खाली मी आंतरराष्ट्रीय मोटरसायकल महासंघाचे, म्हणजे एफआयएमचे आकडे वापरतो, कारण बहुतेक क्लबांचे नियम कुठे ना कुठे तिथूनच आलेले असतात. पण तुमच्या तपासनीसाला माझं उत्तर दाखवू नका, त्याच्या पुस्तकातलं पान दाखवा.

आता मूळ मुद्दा. तुम्ही नियम मापाचा आहे असं समजलात. नियम वाचता येण्याचा आहे, माप हे त्याचं फक्त किमान प्रवेशशुल्क. जवळपास प्रत्येक नियमपुस्तकात मापांच्या तक्त्याजवळच एक वाक्य असतं, की वाचनीयतेबद्दल वाद झाला तर तांत्रिक अधिकाऱ्याचा निर्णय अंतिम. लोक तक्ता वाचतात आणि ते वाक्य सोडून देतात. तुमची बाईक त्याच वाक्यावर अडली.

मग हा नंबर वाचतं कोण? लॅप टाइम तर ट्रान्सपाँडर, म्हणजे बाईकवर लावलेलं सिग्नल देणारं छोटं यंत्र, मोजतो, म्हणून अनेकांना वाटतं की नंबर आता शोभेचा उरला. पूर्वी तो वेळ मोजणाऱ्यांचा आधार होता, आणि आइल ऑफ मॅन बेटावरच्या टीटी शर्यतीत तर नंबर म्हणजे सुटण्याचा क्रम: एक नंबरचा रायडर पहिला सुटतो आणि पुढचे दहा-दहा सेकंदांनी. आज ट्रान्सपाँडर बंद पडला किंवा गळून पडला तरच लॅप मोजायला नंबर लागतो. पण दुसरं एक काम ट्रान्सपाँडरला अजिबात जमत नाही. वळणावरचा मार्शल, म्हणजे ट्रॅकच्या कडेला उभा राहून लक्ष ठेवणारा माणूस, तुमच्या बाईकखालून तेल उडताना पाहतो आणि वायरलेसवर ओरडतो, "अडतीस, तेल!" रेस कंट्रोल काळा झेंडा काढायला सांगतं, मधोमध नारिंगी गोल असलेला, आणि त्यासोबत काळ्या पाटीवर पांढऱ्या आकड्यांत तुमचा नंबर. त्याचा अर्थ, ताबडतोब ट्रॅक सोडा. मार्शलने ३८ ऐवजी ३३ वाचला असेल तर एक निर्दोष रायडर शर्यत गमावतो, आणि तुम्ही पुढची पूर्ण लॅप रेसिंग लाइनवर तेल सांडत राहता. तुमच्या मागे येणाऱ्यांच्या चाकाखाली. स्क्रुटिनीतला माणूस नंबर बघतो तेव्हा त्याच्या डोक्यात हा मार्शल असतो, तुमची रंगसंगती नसते.

त्या मार्शलला किती वेळ मिळतो, याचा हिशोब करून बघू. डोळ्यांच्या दवाखान्यात ज्याला सहा बाय सहा नजर म्हणतात, तिच्यासाठी अक्षराची उंची डोळ्याशी पाच मिनिटांचा कोन करायला हवी, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाच्या पाचपट. १४० मिमी उंचीचा आकडा हा कोन साधारण ९६ मीटरवर करतो. डोळे तपासायच्या तक्त्यावरच्या अक्षरात रेघेची जाडी उंचीच्या पाचवा भाग असते. १४० चा पाचवा भाग २८, आणि एफआयएमची किमान रेघ २५ मिमी. आकडे जवळजवळ जुळतात.

पण ९६ मीटर ही अगदी शेवटची हद्द. स्थिर तक्ता, पांढऱ्यावर काळं, उत्तम उजेड, आणि वाचणारा शांत बसलेला. ताशी २०० किलोमीटरने येणारी बाईक सेकंदाला ५५ मीटर कापते, म्हणजे ते सगळं अंतर पावणेदोन सेकंदांत संपतं. ओळख पक्की व्हायची तर आकडा डोळ्याला निदान दुप्पट मोठा दिसायला हवा, म्हणजे ४८ मीटरच्या आत. मग हातात उरतो एका सेकंदाहून कमी वेळ. त्यात बाईक झुकलेली, थरथरणारी, आणि शेजारून दुसरी दोन निघालेली.

आता तुमचे १४५ मिमी कुठे गेले ते पाहू. तुम्ही टेप फेअरिंगच्या पृष्ठभागावर धरून मोजलंत. मार्शल समोरून बघतो. तुम्ही पाठवलेल्या फोटोवरून तुमच्या फेअरिंगचं नाक उभ्या रेषेपासून साधारण ५० अंश मागे कललेलं दिसतं. अशा उतारावरचा १४५ मिमीचा आकडा समोरून फक्त ९३ मिमी उंच दिसतो. ९६ मीटरची हद्द तिथेच ६४ मीटरवर आली. ऑफरोडच्या सुट्या नंबर प्लेटसाठी एफआयएमच्या नियमांत समोरची प्लेट उभ्या रेषेपासून ३० अंशांपेक्षा जास्त मागे कललेली नको असं म्हटलेलं आहे, त्यामागे हेच गणित. ३० अंशांवर १४० चे १२१ उरतात, तोटा सोसण्याजोगा आहे. फेअरिंगवर थेट आकडे चिकटवायला लागल्यापासून कोन तुमच्या हातात राहिला नाही, तो बाईकच्या कंपनीने ठरवला. हातात राहिली ती फक्त उंची.

म्हणून कललेल्या नाकावर किमान मापावर थांबू नका. तुमच्या उतारावर समोरून १२० मिमी दिसायला हवे असतील तर प्रत्यक्षात १८५च्या आसपास उंची लागते. जागा असेल तर तेवढी घ्या, नसेल तर हवा आत घेणाऱ्या तोंडापासून काचेच्या कडेपर्यंत मिळेल तेवढी. आणि आकडा नुसता मोठा न करता उभा ताणा, आडव्या रेघांसकट. कारण उतारामुळे आडव्या रेघाही आखडतात: २५ मिमीची आडवी रेघ तुमच्या नाकावर समोरून १६ मिमीची दिसते, उभी मात्र २५ चीच राहते. रस्त्यावर रंगवलेली अक्षरं जवळून बघताना लांबुडकी आणि विचित्र दिसतात पण गाडीतून बरोबर वाचता येतात, तसंच हे. कापणाऱ्याला "उभं ३० टक्के ताण" एवढं सांगितलं तरी काम होतं. टेबलावर आकडा बेढब वाटेल. वाटू द्या.

दुसरी गोष्ट फाँटची. इथे लोकांचा एक हमखास गैरसमज असतो, की जाड म्हणजे ठळक. किमान मापं घेऊन आठचा आकडा काढून बघा: उंची १४०, रुंदी ८०, रेघ २५. तीन आडव्या रेघांचे ७५ गेले, उरले ६५, म्हणजे आठमधली दोन भोकं प्रत्येकी ३० मिमी रुंद आणि ३२ मिमी उंच. छान, मोकळी. आता त्याच चौकटीत रेघ ३५ करा. भोकं उरतात १० मिमी रुंद आणि १७ मिमी उंच. तीस मीटरवरून तो आकडा म्हणजे एक गोळा. त्या गोळ्याला आठ म्हणा, सहा म्हणा, नऊ म्हणा, शून्य म्हणा. आकडा ओळखू येतो तो काळ्या रेघेइतकाच आतल्या पांढऱ्या मोकळ्या जागेमुळे. त्यामुळे जाडी वाढवायची असेल तर आधी रुंदी वाढवा.

तुमच्या ३८ ची अडचण इथे दुप्पट आहे. इंग्रजी तीन आणि आठ यांच्यात फरक काय, तर तीनची डावी बाजू उघडी असते. तुम्ही निवडलेल्या फाँटमध्ये तीनची टोकं आत वळून जवळजवळ मिटली आहेत, आणि त्याचं उजवं पोट आठच्या डाव्या पोटात घुसलंय. आउटलाइनने ती उरलीसुरली फटही भरून टाकली. दोन आकड्यांत किमान १० मिमी अंतर हवं आणि आकडे एकमेकांवर चढायला नकोत, हे नियमात सरळ लिहिलेलं असतं. तुमचा नंबर नाकारायला खरं तर तेवढंच पुरेसं होतं.

फाँट निवडताना माझी पद्धत साधी आहे. फ्यूचरा किंवा युनिव्हर्सच्या घराण्यातले जाड, सरळ, बिनकलाकुसरीचे आकडे घ्या. सहा आणि नऊच्या शेपट्या उघड्या ठेवा. एफआयएमच्या जुन्या नियमांत तर स्पष्ट म्हटलंय, की आकडे इंग्रजी पद्धतीचे हवेत: एक म्हणजे नुसती उभी रेघ, आणि सात म्हणजे पोटात आडवी रेघ नसलेला. युरोपात हाताने लिहिताना एकला वर मोठी चोच काढतात आणि सातला मध्ये काट मारतात, त्यातून गोंधळ व्हायचा. थोडासा तिरका फाँट मी स्वतः अडवत नाही, पण तिरपेपणा असेल तर तो बाईकच्या दोन्ही बाजूंना कसा दिसेल ते बघा. उजव्या बाजूला पुढे धावणारे वाटणारे आकडे डाव्या बाजूला मागे पडल्यासारखे दिसतात.

रंगाकडे येऊ. क्रोम किंवा आरशासारखं व्हिनाइल बहुतेक नियमांत सरळ बाद आहे, आणि कारण सौंदर्याचं नाही. क्रोमला स्वतःचा रंग नसतो, तो समोर जे असेल ते दाखवतो. आभाळ असेल तर पांढरा, डांबर असेल तर काळा. तुमच्या काळ्या फेअरिंगवर तो डांबराचं प्रतिबिंब दाखवू लागला, की काळ्यावर काळा. पिटमध्ये उभ्या बाईकवर तो झळकतो, म्हणून घेणाऱ्याला फसायला होतं. चकचकीत पृष्ठभागाचीही तीच गत, जरा सौम्य. ऊन एका विशिष्ट कोनात आलं की आकडा आणि पार्श्वभूमी दोन्ही पांढरी होतात. म्हणून एफआयएमच्या नियमांत आकडे आणि पार्श्वभूमी दोन्ही मॅट हवेत असं म्हटलेलं सापडतं. निदान आकडा तरी मॅट घ्या.

आउटलाइनला बंदी नाही, पण वर्ल्ड सुपरबाइक या जागतिक स्पर्धेच्या नियमांत ती जास्तीत जास्त ३ मिमी, तीही विरोधी रंगाची, आणि आउटलाइनच्या बाहेर चहूबाजूंनी पार्श्वभूमी स्वच्छ दिसली पाहिजे अशी अट. तुमची फोटोत बोटभर जाड आहे. शिवाय ती लाल, काळ्यावर. लाल आणि काळा हे जवळून भडक दिसतात, पण दोन्ही गडद. दूरवरून डोळा आकाराची कड शोधतो ती गडद-फिकट या फरकावर, रंगाच्या नावावर नाही. संध्याकाळचा उजेड उतरला की लाल आणखी काळवंडतो. आणि पुरुषांमध्ये लाल-हिरवा फरक नीट न दिसणारे कमी नसतात. ट्रॅकवरच्या एखाद्या पोस्टवर तसा मार्शल असणारच.

याची परीक्षा घरी फुकटात होते. बाईक उन्हात उभी करा, पन्नास पावलं मागे जा, मोबाईलने झूम न करता फोटो काढा आणि तो कृष्णधवल करा. आकडा त्या फोटोत सुटा, स्वच्छ उठून दिसला तर पास. करड्यावर करडं दिसलं तर रंग बदला. हीच परीक्षा बाईक थोडी वळवून, तिरक्या कोनातून पुन्हा घ्या. नुकतंच मॉनिटरवर डिझाइन केलेल्या माणसाला ही परीक्षा फार बोचते, पण दहा मिनिटांत निकाल लागतो.

मग कोणता रंग? याचं उत्तर मी देऊ शकत नाही, ते तुमचा वर्ग देतो. रंग हा पूर्वीपासून वर्ग सांगण्यासाठी वापरतात. ग्रां प्रीच्या जुन्या काळात ५०० सीसीला पिवळ्यावर काळे आकडे, ३५० ला निळ्यावर पांढरे, २५० ला हिरव्यावर पांढरे, १२५ ला काळ्यावर पांढरे आणि ५० सीसीला पांढऱ्यावर काळे असत. जुने फोटो बघताना इंजिन न दिसताही वर्ग कळतो तो यामुळे. अमेरिकेतल्या क्लब रेसिंगमध्ये पिवळी पार्श्वभूमी म्हणजे नवशिका आणि पांढरी म्हणजे एक्स्पर्ट, अशी रीत अनेक संस्थांत आहे. मोटोक्रॉसमध्ये लाल प्लेटवर पांढरा आकडा म्हणजे गुणतक्त्यात आघाडीवर असलेला. म्हणजे चुकीचा रंग लावलात तर नंबर वाचता येऊनही तुम्ही भलत्याच वर्गात मोजले जाऊ शकता, आणि एकाच शर्यतीत दोन वर्ग धावत असतील तर हा गोंधळ निकालापर्यंत जातो. पुरवणी नियमावलीत रंग दिला असेल तर तोच, तीच छटा. काही ठिकाणी रंगाचा आरएएल क्रमांकही, म्हणजे रंगछटांच्या प्रमाणित तक्त्यातला क्रमांक, दिलेला असतो. काळ्यासाठी ९००५ आणि पांढऱ्यासाठी ९०१० असे आकडे दिसले तर ते व्हिनाइल विकणाऱ्याला तसेच सांगा, त्याला कळतात. रंग दिलाच नसेल तर पांढऱ्यावर काळा. यात फार विचार करू नका.

एक गोष्ट मात्र सगळे रंग ठरवल्यावर विसरतात, ती म्हणजे आकड्याभोवतीची रिकामी जागा. जागतिक स्पर्धांत समोरच्या आकड्याच्या चहूबाजूंनी २५ मिमीच्या आत जाहिरात नको. हिशोब करा: दोन आकडे ८० आणि ८०, मध्ये १०, म्हणजे १७०. दोन्हीकडे २५ धरले तर २२० मिमी रुंदी, आणि उंची १९०. तीन आकडी नंबर असेल तर हीच रुंदी ३१० वर जाते. आजच्या अरुंद नाकांवर ३१० मिमी सपाट जागा मिळत नाही, मग तिसरा आकडा वळणावरून बाजूला घसरतो आणि समोरून अर्धाच दिसतो. नंबर निवडायची मुभा असेल तर दोन आकडीच मागा. एक हा आकडा अरुंद असल्यामुळे एक असलेला नंबर बसवायला सगळ्यात सोपा.

याचा अर्थ असा, की कामाचा क्रम उलटा करायला हवा. बहुतेक जण आधी फेअरिंग रंगवतात, मग प्रायोजकांची नावं लावतात, आणि राहिलेल्या जागेत नंबर कोंबतात. मी ग्राफिक्स करताना पहिल्यांदा फेअरिंगवर नंबरचे तीन चौकोन मास्किंग टेपने आखतो, ते मोकळे सोडतो, आणि मग उरलेल्या अंगाचं डिझाइन करतो. चौकोनाच्या कडा डिझाइनमध्ये मिसळता येतात, तो पाटीसारखाच दिसला पाहिजे असं काही नाही. पण जागा आधी राखावी लागते.

बाजूच्या नंबरांचं उत्तर आता सोपं होईल. प्रश्न फेअरिंग की टेल असा नसून, तुम्ही बाईकवर बसल्यावर काय झाकलं जातं असा आहे. टाकीला गुडघा झाकतो. फूटरेस्टच्या मागची जागा बूट झाकतो. रायडर बसलेला असताना नंबर दिसला पाहिजे, अशी अट जवळपास सगळीकडे असते. मोटोजीपीत बाजूचे नंबर मुख्य फेअरिंगच्या खालच्या मागच्या भागात लावण्याला पसंती आहे, कारण ती जागा मोठी, सपाट, उभी असते आणि पायाच्या पुढे येते. सुपरबाइकच्या पद्धतीत टेलवर वरच्या बाजूला एक नंबर, किंवा त्याऐवजी टेलच्या दोन्ही बाजूंना. टेलच्या वर लावलात तर आकड्यांचं डोकं रायडरकडे ठेवायचं, म्हणजे मागून बघणाऱ्याला ते सरळ दिसतात. हे दर हंगामात कुणीतरी उलटं लावतंच.

दोन्हींपैकी निवडायची मोकळीक असेल तर मी बेलीपॅनच्या (इंजिनखालच्या आवरणाच्या) वर, फेअरिंगच्या मागच्या भागाला कौल देतो. टेल आजकाल इतकी बारीक आणि टोकदार असते की बाजूसाठीचा १२० मिमीचा आकडा तिथे वाकल्याशिवाय बसत नाही. फेअरिंगवरही तीन ठिकाणं टाळा: बेलीपॅनचा अगदी तळ, कारण पावसात आणि घसरण्यात तोच आधी जातो, हवा बाहेर सोडणाऱ्या झडपांच्या फटी, कारण त्या आकड्याचे तुकडे करतात, आणि एक्झॉस्टच्या जवळची जागा, तिथे व्हिनाइल आधी पिवळं पडतं मग सुटतं. आकड्यातून भोक किंवा बोल्ट जाता कामा नये. ऑफरोडच्या प्लेटला आकड्यांच्या मध्ये भोकं पाडायला मुभा असते, खुद्द आकड्यात कधीच नाही.

तुमच्या फोटोत टेलवर जुन्या मालकाचा १७ अजून पुसट दिसतोय, तोही काढा. गोंधळ होईल असा कोणताही दुसरा आकडा बाईकवर नको, हे नियमात आहे. सरावाच्या दिवसांसाठी लावलेले स्टिकरही त्यात येतात.

आता ती मोटोजीपीची तक्रार. तिथे नंबर सजवलेले दिसतात हे खरं, पण ती स्पर्धा वेगळ्या परिस्थितीत चालते. ग्रिडवर मोजके रायडर, प्रत्येक बाईकचा रंग वेगळा, प्रत्येक वळणावर कॅमेरे, आणि प्रत्येक रायडरचा नंबर वर्षानुवर्षं तोच. व्हॅलेंटिनो रॉसीने सात वेळा सर्वोच्च वर्गाचं विजेतेपद मिळवूनही विजेत्याला मिळणारा एक नंबर घेतला नाही, वडिलांचा ४६ च ठेवला. बॅरी शीननेही १९७६ मध्ये विजेता झाल्यावर ७ सोडला नाही. असा नंबर मार्शल वाचत नाही, ओळखतो. निकी हेडनच्या ६९ ची गोष्ट तर प्रसिद्धच आहे: तो नंबर त्याच्या वडिलांचा, आणि ते म्हणायचे की बाईक उलटी पडली तरी तो वाचता येतो. तुमच्या क्लब रेसमध्ये एकाच कंपनीच्या, एकाच रंगाच्या पंधरा बाईक असतील आणि मार्शलने तुम्हाला आधी कधी पाहिलेलं नसेल. आणि मोटोजीपीतही किमान मापं आहेतच. सजावट त्यांच्यावर होते, त्यांच्याऐवजी नाही.

चिकटवण्याबद्दल थोडंसं, कारण अर्धे नंबर सराव संपेपर्यंत कोपऱ्यातून उठतात. गोलाईवर कास्ट व्हिनाइल घ्या, साधारण ५० मायक्रॉनचं. स्वस्त कॅलेंडर्ड व्हिनाइल जाड असतं आणि ताणून बसवलं की पुन्हा मूळ आकारात आखडायला बघतं, म्हणून कडा सुटतात. नवीन फायबर फेअरिंगवर साच्यातून सुटण्यासाठी लावलेल्या मेणाचा थर राहिलेला असतो, त्यावर काहीच टिकत नाही. आधी साबणाने, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्या. ताजा रंग असेल तर तो पुरता सुकू द्या, नाहीतर रंगातून निघणारा वायू व्हिनाइलखाली फुगे काढतो. मोटोक्रॉसचं प्लास्टिक पॉलिप्रोपिलीनचं असतं, त्याला जास्त चिकट गोंदाचं जाड ग्राफिक लागतं. फेअरिंगचं पातळ व्हिनाइल तिथे वापरू नका, चिखल आणि पाण्याचा फवारा ते एका दिवसात सोलून काढतो.

तुमच्या बाईकपुरतं सांगायचं तर पूर्ण फेअरिंग पुन्हा रंगवायची गरज नाही. नाकावर आणि दोन्ही बाजूंना वर्गाच्या रंगाचे मॅट चौकोन चिकटवा, बाजूला किमान २२५ बाय १९० आणि नाकावर उतारामुळे त्याहून उंच. त्यावर सरळ, उघड्या पोटाचे आकडे, मध्ये १५ मिमी अंतर. आउटलाइन नकोच. कापण्याआधी चित्राची प्रत तांत्रिक अधिकाऱ्याला पाठवून होकार घ्या, बहुतेक जण आनंदाने बघतात, कारण सकाळी रांगेत भांडण्यापेक्षा ते बरं.

आणि त्याच वेळी आकड्यांचे दोन जादा संच कापून घ्या. घसरल्यावर लोक जादा फेअरिंग बसवतात आणि ते कोरं असतं, मग पुन्हा तपासणीत अडकतात. संचही संपला तर ५० मिमी रुंदीची मॅट कापडी टेप उभी मधोमध फाडा, २५ मिमीची पट्टी मिळते, म्हणजे नेमकी किमान रेघ. सरळ पट्ट्यांचा आठ कोनाकोनांचा दिसेल, तीनही तसाच, पण दोन्ही नीट वाचता येतात. असा टेपचा नंबर मी बिनदिक्कत पास करतो.